क्राउन-ब्रिजचं अचूक मॉडेल: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिले दोन-तीन महिने मी त्यांना मॉडेलच्या टेबलावरच बसवते. त्यांचं लक्ष मात्र सिरॅमिकच्या टेबलाकडे असतं. तिथे रंग असतात, भट्टी असते, दात तयार होताना दिसतो, त्यामुळे ती ओढ मला समजते. पण पेशंट ज्याला ‘कॅप’ म्हणतो तो क्राउन मॉडेलवर, म्हणजे पेशंटच्या दातांच्या प्रतिकृतीवर बनतो. मॉडेल चुकलं की पुढच्या टेबलावरचा माणूस कितीही कसबी असो, तो चुकीच्या दातासाठी सुंदर काम करत असतो.

आधी थोडा हिशोब करू. क्राउनची कड आणि दात यांच्यातली फट साधारण 120 मायक्रॉनपर्यंत चालते, असं आपल्या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून धरलं जातं. आता स्टोन घ्या, म्हणजे ज्याचं मॉडेल ओततो ती जिप्समची पावडर. सेट होताना तो थोडा फुगतो. टाइप 4 डाय स्टोन 0.15 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. एका बाजूच्या दाढेपासून पुढे वळसा घेणारा 50 मिलिमीटरचा लांब ब्रिज (पडलेल्या दाताची जागा भरणारे जोडलेले दात) असेल, तर एवढ्यानेच 75 मायक्रॉनचा फरक पडतो. त्याच जागी टाइप 3 स्टोन वापरला आणि तो 0.20 टक्के फुगला, तर 100 मायक्रॉन गेले. इम्प्रेशन (डॉक्टरांनी घेतलेला दातांचा ठसा, यालाच मेझरमेंटही म्हणतात), मेण, धातू, पोर्सेलीन यांच्या चुका अजून यायच्याच आहेत. म्हणून आपल्या वाट्याची चूक जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवायची. त्यासाठी हात फार तयार असावा लागतो असं नाही. वजनकाटा आणि घड्याळ पाळलं तरी बहुतेक काम साधतं.

इम्प्रेशन हातात आल्यावर

डबा उघडला की लगेच स्टोन मिसळायला घेऊ नका. आधी इम्प्रेशन दिव्याखाली धरा आणि लूपमधून पाहा. घासलेल्या दाताची कड, म्हणजे मार्जिन, सगळीकडून अखंड दिसायला हवी आणि तिच्या पलीकडे मटेरियलची बारीक किनार गेलेली असायला हवी. ती किनार कुठे तुटली असेल, मार्जिनवर बुडबुडा असेल, लाइट बॉडी (इम्प्रेशनचं पातळ मटेरियल) ओढल्यासारखी ताणली गेली असेल, ट्रेचा धातू किंवा प्लॅस्टिक उघडं पडलं असेल, पुट्टी (घट्ट मटेरियल) ट्रेपासून सुटली असेल, तर तिथेच थांबा.

थांबा म्हणजे डॉक्टरांना फोन करा. नव्या मुलांना हा फोन करायला संकोच वाटतो. डॉक्टर रागावतील, काम दुसऱ्या लॅबला जाईल अशी भीती असते. मी त्यांना सांगते की मार्जिन दिसत नसेल तर ते कल्पनेने आखायचा अधिकार आपल्याला नाही. दाताचा किती भाग घासला आहे हे फक्त डॉक्टरांना ठाऊक असतं. इम्प्रेशनचा फोटो काढून पाठवा, शंकेची जागा बाण काढून दाखवा आणि नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, या जागी मार्जिन नीट येत नाहीये, पुन्हा मेझरमेंट मिळेल का?’ आज पेशंटला आणखी एकदा बोलवावं लागेल. पण क्राउन चिकटवल्यावर दोन वर्षांनी त्याखाली कीड लागण्यापेक्षा हा त्रास फार लहान आहे.

इम्प्रेशन ठीक असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा. लाळ आणि रक्त पूर्ण निघायला हवं, कारण त्यांच्या थराखाली स्टोनचा पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. नंतर निर्जंतुकीकरण. सिलिकॉन इम्प्रेशन 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं बुडवून ठेवता येतं. अल्जिनेट बुडवून ठेवू नका, त्यावर फवारा आणि बंद पिशवीत ठेवा. क्लिनिकमध्ये हे आधीच झालं असेल असं गृहीत धरू नका. हातमोजे घाला. ही काळजी तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी आहे.

कोणतं मटेरियल किती थांबू शकतं

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातले कितीतरी डॉक्टर आपलं काम कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने शहरातल्या लॅबकडे पाठवतात. त्यामुळे ‘आधी काय ओतायचं’ हा प्रश्न रोज सकाळी पडतो.

अल्जिनेटला अजिबात वेळ नसतो. त्यातलं बहुतांश पाणीच असतं. उघडं राहिलं की ते आकसतं, पाण्यात ठेवलं की फुगतं. ते दहा-पंधरा मिनिटांत ओतायला हवं. म्हणून क्राउनसाठी अल्जिनेटचं मेझरमेंट घेत नाहीत. ते समोरच्या जबड्यासाठी वापरतात. तेही पार्सलने पाठवू नये, क्लिनिकमध्येच स्टोन ओतून मॉडेल पाठवावं, अशी आम्ही डॉक्टरांना विनंती करतो. ओलं फडकं गुंडाळून आलेलं सहा तासांपूर्वीचं अल्जिनेट तुमच्या हातात पडलं, तर त्यावर बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावर बसतात ती ठेवण, जुळवण्याचा खटाटोप करू नका.

कंडेन्सेशन सिलिकॉन सेट होताना अल्कोहोल सोडतं आणि आकसत जातं. ते तासाभरात ओतलेलं बरं. आज बहुतेक डॉक्टर ॲडिशन सिलिकॉन वापरतात आणि दूरच्या लॅबसाठी तेच सगळ्यात सोयीचं आहे. ते आठवडाभर माप धरून राहतं आणि त्यात दुसऱ्यांदाही स्टोन ओतता येतो. त्यात एक बारकावा आहे. काही ॲडिशन सिलिकॉनमधून तोंडातून काढल्यावर थोडा वेळ हायड्रोजन वायू निघतो आणि मॉडेलवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून निदान अर्धा तास ते तास थांबून ओता. पॉलिइथर मापाला उत्तम आहे, पण ते पाणी शोषतं. ते कोरडं ठेवा, अल्जिनेटच्या पिशवीत एकत्र ठेवू नका. शिवाय ते कडक असल्याने मॉडेल काढताना त्यावरचे पातळ, उंच दात मोडू शकतात.

स्टोन आणि पाणी

जिप्समचे प्रकार नीट वेगळे ओळखा. पांढरं प्लॅस्टर हे टाइप 2, ते आर्टिक्युलेटरला, म्हणजे दोन्ही जबडे जुळवून धरणाऱ्या यंत्राला, मॉडेल लावायला. टाइप 3 स्टोन समोरच्या जबड्यासाठी आणि बेससाठी. टाइप 4 डाय स्टोन ज्या जबड्यात काम आहे त्यासाठी, तिथे दुसरं काही नाही. टाइप 5 मुद्दाम जास्त फुगणारा असतो. तो जास्त आकसणाऱ्या धातूंची भरपाई करण्यासाठी आहे. वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय त्याच्या डब्याला हात लावू नका.

आता पाणी. रसायनाच्या हिशोबाने 100 ग्रॅम स्टोनला सुमारे 18.6 मिलिलिटर पाणीच लागतं. त्यावर आपण जे घालतो ते फक्त मिश्रण वाहतं व्हावं म्हणून. हे जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. जितकं पाणी जास्त, तितकी पोकळी जास्त आणि तितका स्टोन कच्चा. प्लॅस्टरला 100 ग्रॅमला 45 ते 50 मिलिलिटर लागतं, टाइप 3 ला 28 ते 30, टाइप 4 ला 20 ते 24. टाइप 4 मध्येही कंपनीप्रमाणे फरक पडतो. फुजीरॉकच्या पाकिटावर 20 आहे. दुसऱ्या स्टोनला 22 किंवा 24 लागेल. पाकिटावरचा आकडा हाच तुमचा आकडा.

‘अंदाजाने’ हा शब्द या टेबलावर चालत नाही. पावडर काट्यावर मोजा, पाणी सिरिंजने घ्या किंवा तेही काट्यावरच तोला. पाण्याचं 1 मिलिलिटर म्हणजे 1 ग्रॅम. अर्ध्या जबड्याच्या कामाला 60 ग्रॅम पावडर घेतली आणि प्रमाण 20 असेल, तर पाणी 12 मिलिलिटर. त्यात नळाखाली वाटी धरून ‘जरासं’ वाढवलं आणि 15 झालं, तर प्रमाण 25 वर गेलं. दिसायला मॉडेल तसंच दिसेल, पण मार्जिन नखानेही खरवडलं जाईल. उलट पाणी कमी घालून घट्ट मिश्रण केलं, तर ते बारीक जागांत वाहत नाही आणि जास्त फुगतं.

पावसाळ्यात डब्याकडे विशेष लक्ष द्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत स्टोनची पिशवी उघडी राहिली की पावडर हवेतला ओलावा घेते. सुरुवातीला असा स्टोन एकदम लवकर सेट होतो, व्हायब्रेटरवरच धरायला लागतो. आणखी ओला झाला की उलट नीट सेटच होत नाही. घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा, आणि जून ते सप्टेंबर लहान पिशव्यांची खरेदी एवढी शिस्त पुरते. मिसळायची वाटी आणि स्पॅच्युला मात्र बारा महिने स्वच्छ हवेत. जुन्या स्टोनचे कण राहिले तर नवा स्टोन लवकर धरतो.

मिसळताना आधी पाणी, मग पावडर. दहा-पंधरा सेकंद तिला स्वतःहून भिजू द्या, म्हणजे हवा बाहेर येते. मग हाताने सगळी पावडर ओली होईपर्यंत ढवळा आणि व्हॅक्यूम मिक्सरला 30 सेकंद लावा. मिक्सर नसेल तर वाटीच्या कडेला घोटत मिनिटभर मिसळा, फेटू नका. फेटलं की हवा आत जाते. मिश्रण घट्ट वाटलं म्हणून नंतर पाणी, किंवा पातळ वाटलं म्हणून नंतर पावडर, यातलं काहीही घालायचं नाही. ते फेकून द्या आणि नवं करा.

ओतणं

सिलिकॉनवर सरफॅक्टंटचा (स्टोन नीट पसरू देणाऱ्या द्रवाचा) फवारा मारा आणि हवेने हलकेच कोरडं करा. तळाशी थेंब साचू देऊ नका, तिथला स्टोन मऊ होतो. इम्प्रेशन व्हायब्रेटरवर टेकवा, कंपन कमी ठेवा. जबड्याच्या एका टोकाला, शेवटच्या दाढेच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढा स्टोन ठेवा आणि तो स्वतः वाहत पहिल्या दातात उतरू द्या. मार्जिनच्या खाचेत तो शिरताना दिसला पाहिजे. मग आणखी थोडा, त्याच जागी, म्हणजे पुढचा दात मागून येणाऱ्या स्टोनने भरतो आणि हवा पुढे ढकलली जाते. दोन्ही बाजूंनी ओतलं की मधे हवा कोंडते. घासलेल्या दातात लहान ब्रशने पहिला थर लावला तर आणखी चांगलं. दात भरले की कंपन बंद करा आणि वरचा भाग घोड्याच्या नालेच्या आकारात भरा. टाळू किंवा जिभेची जागा भरायची गरज नाही.

ओतल्याबरोबर इम्प्रेशन उलटं करून बेसवर थापू नका. ओला स्टोन खाली बसतो आणि दातांच्या टोकांपाशी पाणी जमतं. तसंच ठेवा. दहा-बारा मिनिटांत चमक जाईल, मग स्टोन गरम लागेल, मग निवेल. निदान 45 मिनिटं ते तास थांबा आणि मगच काढा, सरळ रेषेत, दातांच्या अक्षाच्या दिशेने. अल्जिनेटवरचं समोरचं मॉडेल मात्र तासाच्या पुढे ठेवू नका, सुकत जाणारं अल्जिनेट पृष्ठभाग खडबडीत करतं. तासाभरात स्टोन काढण्याइतका घट्ट होतो, पण पूर्ण वाळल्यावर त्याची ताकद साधारण दुप्पट होते. म्हणून कापाकापी दुसऱ्या दिवशी केलेली बरी.

ॲडिशन सिलिकॉन असेल तर त्याच इम्प्रेशनमध्ये दुसरं मॉडेल ओता आणि ते अखंड ठेवा. याला करवत लावायची नाही. शेजारच्या दातांशी कॉन्टॅक्ट आणि हिरडीचा खरा उतार त्यावरच तपासायचा.

पाण्याचा धोका

हा भाग मी जरा थांबून सांगते, कारण ही चूक मी केली आहे. पहिल्या वर्षी करवत सोपी जावी म्हणून मी तीन दातांच्या ब्रिजचं मॉडेल रात्रभर साध्या पाण्याच्या टबमध्ये ठेवलं. सकाळी ते स्वच्छ आणि गुळगुळीत दिसत होतं. ब्रिज तयार झाला, क्लिनिकमध्ये गेला आणि परत आला, कारण दोन्ही मार्जिन उघडी होती. सेट झालेलं जिप्समही पाण्यात विरघळतं. लिटरला साधारण 2 ग्रॅमच, पण ते जातं कुठून? पृष्ठभागावरून, आणि सगळ्यात आधी बारीक कडांवरून. म्हणजे ज्या मार्जिनसाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच झिजतं. त्या पेशंटला पुन्हा मेझरमेंटसाठी यावं लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक बादली कायम भरलेली असते. त्यात स्टोनच्या छाटणीचे तुकडे पडलेले असतात. त्या पाण्यात जिप्सम आधीच पुरेपूर विरघळलेलं असतं, त्यामुळे ते तुमच्या मॉडेलमधून आणखी काढून घेत नाही. मॉडेल भिजवायचं तर याच निवळीत, तेही काही मिनिटं. ट्रिमरवर नेण्याआधीही यातच बुडवा. मात्र ही निवळी स्टोन मिसळायला वापरू नका, तिने सेटिंग एकदम वेगाने होतं.

पिन आणि बेस

मॉडेलचा खालचा भाग ट्रिमरवर अगदी सपाट करा. हिरडीपासून तळापर्यंत 10 ते 15 मिलिमीटर जाडी ठेवा. यापेक्षा कमी ठेवली तर पिनला धरायला जागा राहत नाही. आतली-बाहेरची बाजू नालेसारखी घासून घ्या आणि मॉडेल पूर्ण वाळू द्या.

प्रत्येक घासलेल्या दाताच्या मधोमध पेन्सिलने ठिपका द्या. पिनच्या यंत्रावर प्रकाशाचा बिंदू त्या ठिपक्यावर आणून हँडल दाबलं की खालून सरळ भोक पडतं. सगळी भोकं एकमेकांना समांतर पडतात, हाच या यंत्राचा उपयोग. एकच गोल पिन असेल तर डाय, म्हणजे मॉडेलमधून सुटा काढता येणारा घासलेला दात, गोल फिरू शकतो, म्हणून दाढेला दोन पिन किंवा दोन पायांची पिन द्या. पुढच्या अरुंद दातांना एक चालते, पण सपाट बाजू असलेली निवडा. ज्या भागांत काम नाही आणि जो ब्रिजचा मोकळा भाग आहे, त्यांनाही पिन हवी.

भोकातली धूळ फुंकून काढा, कोरडी पिन बसते का बघा, मग सायनोॲक्रिलेटचा एक थेंब. जास्त गोंद झाला तर पिन वर राहते. पिनवर स्लीव्ह चढवा, मॉडेलच्या तळाला सेपरेटर (स्टोनला स्टोन चिकटू न देणारा द्रव) लावा, पिनच्या टोकांना मेणाची लहान गोळी लावा म्हणजे बेसमध्ये टोक सापडेल. बेस फॉर्मरमध्ये टाइप 3 स्टोन भरून मॉडेल त्यावर बसवा.

करवत

बेस सेट झाला की टोकांवरून हलकेच ठोकत मॉडेल पिनसकट बेसवरून उचला. मग करवत खालून, म्हणजे पिनच्या बाजूने चालवा. असं केलं की दोन दातांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शेवटचा मिलिमीटर तुमच्या डोळ्यासमोर कापला जातो. आधी दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघा आखा. दोन्ही काप तळाकडे किंचित एकमेकांजवळ यायला हवेत. उलट झाले तर डाय बाहेरच निघणार नाही. मार्जिनपासून जागा कमी असेल तर शेजारच्या दाताच्या बाजूला सरका, पण त्याचा कॉन्टॅक्ट वाचवा. पातळ पातं वापरा, जोर लावू नका.

प्रत्येक डाय बेसमध्ये पाच-सहा वेळा काढून-घालून बघा. हलता कामा नये आणि दर वेळी त्याच उंचीवर बसला पाहिजे. खाली स्टोनचा एक कण राहिला तरी डाय वर उचलला जातो आणि तयार क्राउन बाइटमध्ये खोटा ठरतो. म्हणून बेस आणि डाय दर वेळी ब्रशने झाडायची सवय लावा. करवत आणि ट्रिमिंग करताना मास्क आणि सक्शन दोन्ही हवं, ही धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते.

मार्जिन उघडं करणं

इथे मात्र हात, डोळा आणि संयम लागतो. मायक्रोस्कोप 10 पटीला लावा. आधी मोठ्या बरने हिरडीचा स्टोन दुरून काढा. मार्जिनपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा आणि लहान गोल बर घ्या. बरची दिशा नेहमी मार्जिनपासून दूर जाणारी ठेवा. शेवटची किनार 11 नंबरच्या ब्लेडने सोडवा. मार्जिनखाली हलका उतार ठेवा, खोल खड्डा करू नका. खड्डा झाला की मूळ दाताचा आकार हरवतो, क्राउन खाली फुगीर बनतो आणि हिरडी सुजते.

मार्जिनवर रेघ लाल किंवा निळ्या रंगीत पेन्सिलने, टोक आडवं धरून, एकदाच. साध्या शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट मेणाला लागतं आणि तिथे धातू नीट वाहत नाही. त्यावर पातळ डाय हार्डनरचा एक थर देऊन लगेच हवेने उडवा. मग स्पेसर, म्हणजे सिमेंटसाठी जागा ठेवणारा लेप. तो 25 ते 40 मायक्रॉन एकूण, मार्जिनपासून निदान अर्धा मिलिमीटर आधी थांबवा. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या आणि बाटलीचं झाकण लगेच लावा, कारण घट्ट झालेल्या स्पेसरच्या थराची जाडी कोणालाच सांगता येत नाही.

बाइट आणि आर्टिक्युलेटर

दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर स्टोनचे बारीक गोळे असतात, ते लूपमध्ये शोधून ब्लेडने काढा. त्यातला एक राहिला तरी सगळी बाइट उचलली जाते. सिलिकॉनची बाइट आली असेल तर ती कापून फक्त दातांची टोकं बसतील एवढीच ठेवा. खोल खाचा आणि हिरडीवर गेलेला भाग काढून टाका. मॉडेल जुळवून मेणाने किंवा काड्यांनी घट्ट धरा, मग प्लॅस्टर दोन टप्प्यांत लावा. एकदम ढीग घातला तर फुगण्याने मॉडेल सरकतं.

जिथे डॉक्टर स्कॅनरने मेझरमेंट पाठवतात तिथे यातलं ओतणं आणि करवत नाही, रेझिनची प्रिंट येते. पण मार्जिन ओळखणं, डाय त्याच जागी बसतो का बघणं आणि कॉन्टॅक्ट तपासणं तिथेही तुमच्याच डोळ्याने करायचं आहे.

मॉडेल पुढच्या टेबलावर देताना केस नंबर बेसवर कोरा, अखंड मॉडेल आणि इम्प्रेशन त्याच डब्यात ठेवा, आणि क्राउन तोंडात बसल्याचा डॉक्टरांचा निरोप येईपर्यंत त्यातलं काहीही टाकू नका.